नक्षी शाबूत, टायर म्हातारा

इचलकरंजीत मोटार झिजण्याआधी जुनी होते. शहराची ठेवणच तशी आहे. घर, मागाची शेड, सूत व्यापाऱ्याची पेढी, बँक आणि मुलांची शाळा हे सगळे काही किलोमीटरांच्या आत, आणि त्यातली बरीच ये-जा दुचाकीवरच उरकते. चारचाकी बाहेर निघते ती रविवारी नृसिंहवाडीला, लग्नसराईत सांगली-कोल्हापूरला, सुट्टीत कोकणात आणि अधूनमधून पुण्याला. अशा घरगुती गाडीचे वर्षाचे रनिंग पाच हजार किलोमीटर धरले तर हिशेब सरळ आहे. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि नीट हवा राखली तर ती चाळीस-पन्नास हजार किलोमीटर पुरते. म्हणजे पाच हजारांच्या गतीने टायर गोटा व्हायला आठ ते दहा वर्षे लागतील. मुंबईतली टॅक्सी हेच अंतर वर्षभरात कापते आणि तिचे टायर म्हातारे होण्याआधीच झिजून जातात. इचलकरंजीच्या, किंवा जयसिंगपूरच्या, किंवा महाराष्ट्रातल्या अशा कुठल्याही मध्यम शहराच्या गाडीचे उलट होते. तिची नक्षी शाबूत राहते आणि नक्षीच्या आतले रबर मरत जाते. म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर नक्षीवरून नव्हे, जन्मतारखेवरून जोखला पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते साधे वाटते, पण आपला बाजार, आपला कायदा आणि आपली काटकसर तिन्ही त्याच्या विरोधात उभे आहेत.

बाजारापासूनच सुरुवात करू. जुनी गाडी विकताना ‘सिंगल ओनर, कमी रनिंग, टायर ऐंशी टक्के’ अशी जाहिरात असते. हे ऐंशी टक्के म्हणजे उरलेली नक्षी. एजंट नखाने किंवा नाणे घालून खोली बघतो आणि टक्केवारी सांगून मोकळा होतो. कमी रनिंग हा गाडीचा गुण मानला जातो आणि इंजिनापुरता तो खराही आहे. पण नऊ वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी जर मूळच्याच टायरांवर उभी असेल, तर तेच कमी रनिंग तिच्या टायरांविरुद्धचा पुरावा ठरते. घेणारा ओडोमीटर पाहून खूश होतो, टायरवर छापलेले चार आकडे वाचत नाही. विकणाराही अनेकदा फसवत नसतो, कारण त्यालाही ते आकडे ठाऊक नसतात.

टायर म्हणजे काळ्या रबराचे कडे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात टायर हे बऱ्याच अंशी कापडकाम आहे, आणि १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवल्यापासून कापडावर जगणाऱ्या या गावाला तरी ते समजायला अवघड जाऊ नये. मोटारीच्या रेडियल टायरचा सांगाडा पॉलिस्टरच्या पिळदार दोऱ्यांचा असतो. हे दोरे टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. त्यांच्यावर, नक्षीच्या बरोबर खाली, बारीक पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. त्यातल्या तारा तिरप्या आणि एकमेकींना छेद देणाऱ्या दिशांनी बसवलेल्या असतात. वेगासाठी बनवलेल्या टायरांत त्यांच्यावर नायलॉनचा आणखी एक वेढा येतो. मागावरच्या कापडात ताणा-बाणा एकमेकांत गुंततात म्हणून कापड टिकते. टायरमध्ये मात्र थर गुंतलेले नसतात, ते केवळ चिकटवलेले असतात. पॉलिस्टरचा दोरा रबराला धरून राहावा म्हणून त्याला आधी राळ आणि लॅटेक्सच्या मिश्रणात बुडवतात आणि पोलादी तारेला पितळेचा मुलामा देतात. हे सगळे एकत्र ठेवते ते मधले रबर. दोरा सहसा तुटत नाही, तारही तुटत नाही, वयाबरोबर ही पकड सुटत जाते. आणि ती सुटते अशा ठिकाणी, जिथे डोळा पोचत नाही.

रबर का मरते, हे रसायनशास्त्राला बरेच आधीपासून माहीत आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबराचे रेणू एकमेकांना बांधायची युक्ती शोधली, तेव्हापासून रबर लवचीकही राहिले आणि टिकाऊही झाले. पण हे बांधणे कारखान्यात पूर्ण होऊन थांबत नाही. हवेतला प्राणवायू रबरात शिरत राहतो, नवे बंध तयार होतात, जुने तुटतात, आणि लवचीक माल हळूहळू कडक व ठिसूळ होतो. कुकरची रिंग वर्षा-दोन वर्षांत ताठ होते आणि वाफ सोडू लागते, तेव्हा घरातली बाई तिची जाडी मोजत बसत नाही, नवी आणते. टायरमध्ये हीच क्रिया सावकाश चालते, पण एक अडचण अधिक आहे. टायरच्या आत हवा दाबाने भरलेली असते, त्यामुळे प्राणवायू आतूनही भिंत भेदत बाहेर यायला बघतो आणि वाटेत पोलादी पट्ट्यांमधल्या पातळ रबराशी संयोग पावतो. बाहेरून भेगा दिसतात त्या बहुतांशी ओझोनच्या. आतला ऱ्हास बाहेरून दिसेलच असे नाही. उष्णतेने हे सगळे वेगात होते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या डांबरावर उभ्या गाडीचा टायर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. कमी हवेवर पळवलेला टायर आतून त्याहूनही तापतो, कारण प्रत्येक फेऱ्याला तो जास्त दबतो आणि परत उसळतो.

उभ्या गाडीचे दुखणे वेगळेच. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि बाहेरून एक संरक्षक थर धरतात. गाडी आठवडेच्या आठवडे पोर्चमध्ये उभी असली की हा थर नीट धरत नाही. ‘गाडी वापरलीच नाही, टायर खराब कसा होईल’ हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे. टायर साठवण्याच्या सूचनांत विद्युत मोटारी आणि वेल्डिंगच्या जागा टाळायला सांगतात, कारण ठिणगीतून ओझोन तयार होतो. यावरून शेडलगत गाडी लावणाऱ्या कारखानदाराने घाबरायचे कारण नाही. मागाला जोडलेली इंडक्शन मोटर ठिणग्या पाडत नाही. ऊन आणि हवेचा कमी दाब हेच तिथले खरे शत्रू.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे की रस्त्यावरही दिसते? इथे अमेरिकेचा पुरावा उपयोगी पडतो. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने तेव्हा रस्त्यावर असलेले सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीवर ते बसवलेले होते आणि त्यांची नक्षी पोलादी पट्ट्यासकट सोलून निघत होती. दोनशेहून अधिक मृत्यू या प्रकरणाशी जोडले गेले. त्यात रचनेचे आणि निर्मितीचे दोष होते, फक्त वयाचा प्रश्न नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण त्यानंतर तिथल्या संसदेने केलेल्या कायद्यामुळे एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेला टायरच्या वार्धक्याचा अभ्यास करावा लागला. तिने ॲरिझोनातल्या फिनिक्स या भाजणाऱ्या शहरातून वापरातले टायर गोळा केले आणि आतले रबर तपासले. वय वाढेल तसे ते कडक व कमी ताणणारे होत गेले होते. डिकीत पूर्ण हवेने ठेवलेल्या, रस्त्याला न लागलेल्या स्टेपन्यांतही हा ऱ्हास आढळला. याच संस्थेने एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी दिली आहे. त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत राहत होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले. आणि त्यातल्या ८४ टक्के दाव्यांत टायर सहा वर्षांहून जुने होते. एका कंपनीच्या आकड्यांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. तरी उष्णता आणि वय एकत्र आले की काय होते, याचा इतका स्पष्ट इशारा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ब्रिटनमध्ये हवामान थंड, तरीही तिथला धडा कडक निघाला. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून तरुणांना परत आणणारी बस सरे परगण्यात झाडावर आदळली आणि तीन जण गेले. तिचा पुढचा टायर १९ वर्षांचा होता. इतका जुना टायर बसला लावणे तेव्हा बेकायदा नव्हते. मृत तरुणांपैकी एकाच्या आईने त्यानंतर अनेक वर्षे सरकारचा पाठपुरावा केला. सरकारने आधी अभ्यास करवला, मग १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर वापरायला बंदी घातली. मिनीबसची एकेरी चाकेही या बंदीत आहेत. बंदी पुढच्या चाकांपुरतीच का, हेही समजण्यासारखे आहे. मागे जोडीने चाके असतात, एक गेले तर दुसरे भार घेते. पुढचे एकटे असते आणि तेच दिशा देते. मोटारीची तर चारही चाके एकेरी.

आपल्याकडे कायदा नक्षीपाशी थांबतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४व्या नियमाप्रमाणे दुचाकी-तीनचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांची १.६ मिलिमीटर हवी. वयाची मर्यादा नाही. पण कायदा म्हणजे फक्त नियमावली नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईला निघालेल्या मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल चरात गेली आणि ३८ वर्षांचा एक माणूस जागीच मरण पावला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपये देवविले. विमा कंपनी अपिलात गेली आणि म्हणाली, टायर फुटणे ही देवाची करणी. न्यायमूर्ती एस. जी. दिगे यांनी ते अमान्य केले. भूकंप-पुरासारखी निसर्गशक्ती वेगळी, टायर फुटणे हा मानवी निष्काळजीपणा. वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान अशी त्याची कारणे असू शकतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायर तपासणे हे चालक-मालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय. हा निकाल टायरच्या वयावर नाही, ते ओढूनताणून त्यात घालू नये. पण ‘नशीब फुटके’ म्हणून हात झटकायची वाट त्याने बंद केली, आणि तपासणे मालकाचे कर्तव्य असेल तर काय तपासायचे हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे कुठलाही अपघात टायरवर ढकलायची सवय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी होरपळून मेले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन खात्याच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. झोप, वेग आणि बेफिकिरी लपवायला टायर हे सोयीचे पांघरूण आहे. म्हणून ‘टायर फुटून अपघात’ अशा बातम्यांच्या बेरजेवर या लेखात काहीही बेतलेले नाही. पण त्याच महामार्गावर २०२३ मध्ये प्रवेशालाच टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवण्याची वेळ परिवहन खात्यावर आली, हेही खरे. आणि तिथेही तपासणी झाली ती नक्षीची.

दुसरा आक्षेप कापडाच्या पेठेत हमखास येणार: हे सगळे टायर कंपन्यांचे धंद्याचे गणित. संशय चुकीचा नाही, पण कंपन्यांचे म्हणणे नीट पाहिले तर ते अपेक्षेपेक्षा सैल आहे. मिशेलिन सांगते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासा आणि दहा वर्षांनंतर, स्टेपनीसह, काढून टाका. सहा वर्षांची मर्यादा सुचवतात त्या काही मोटार कंपन्या, ज्यांचा टायरविक्रीतून फारसा फायदा नाही. शिवाय एनएचटीएसएने २०१४ मध्ये वयाचा नियम करण्याची गरज नाही असे ठरवले, हा माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण तिने कारण काय दिले? टायरच्या चाचण्या कडक झाल्या, नव्या गाड्यांत हवेचा दाब कमी झाला की सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि टायरमुळे होणारे अपघात घटले. आपल्या घरगुती गाड्यांपैकी किती गाड्यांत ती यंत्रणा आहे? जिथे हवा महिनोन्महिने बघितली जात नाही, तिथे अमेरिकेचा निष्कर्ष तिच्या अटी गाळून उचलता येणार नाही.

मग सहा की दहा? माझ्या मते दहा हा आकडा थंड देशाचा आणि निगुतीने वापरणाऱ्यांचा आहे. आपल्या उन्हात, कमी हवेवर, खड्ड्यांतून जाणाऱ्या आणि तरीही हायवेवर नव्वद-शंभरने पळणाऱ्या गाडीला सहावे वर्ष लागले की दरवर्षी टायर उतरवून तपासावा आणि सातवे पूर्ण झाले की बदलावा. हिशेबही मांडून बघा. लहान गाडीचे चार टायर अठरा हजारांना पडले असे धरू. ते दहा वर्षे चालवले तर वर्षाला १,८०० रुपये खर्च, सात वर्षांनी बदलले तर सुमारे २,५७०. फरक वर्षाला पावणेआठशे रुपयांच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फरक जमेस धरला नाही तरी चालेल. गाडीच्या विम्याला याच्या कित्येक पट पैसे आपण तक्रार न करता भरतो.

तिसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो. गावात गाडी तीस-चाळीसच्या वर जातच नाही, मग म्हातारा टायर चालला तर बिघडले कुठे? गावापुरते यात तथ्य आहे. आपल्या भागात ऊस ओढणाऱ्या टायरच्या बैलगाडीला डनलॉप म्हणतात, आणि तिच्या चाकाला कितीही जुने, चिरलेले रबर असले तरी ते बैलाच्या चालीने कारखान्यापर्यंत सुखरूप पोचते. वेग नाही म्हणून उष्णता नाही, उष्णता नाही म्हणून थर सुटत नाहीत. पण मोटारीचा टायर गावासाठी वेगळा आणि हायवेसाठी वेगळा नसतो. हातकणंगले-वडगावमार्गे वाठारला हायवे लागला आणि किणीचा टोलनाका मागे पडला की तोच टायर शंभराच्या वेगाला मिनिटाला आठशेहून अधिक फेरे घेऊ लागतो. टायरच्या पट्ट्याला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चाळीसच्या तुलनेत शंभरला सव्वासहा पट. वर्षभर उभा राहिलेला, कडक झालेला टायर आपण नेमका त्या दिवशी ताणतो, ज्या दिवशी गाडीत पाच माणसे आणि डिकीत सामान असते. ज्यांची गाडी खरोखरच तालुका ओलांडत नाही, त्यांनी दहा वर्षांपर्यंत थांबायला हरकत नाही. मात्र त्यांनी पावसाळ्याचा विचार करावा, कारण कडक झालेले रबर नक्षी असूनही ओल्या रस्त्याला कमी धरते.

तपासायचे कसे, हे सांगितल्याशिवाय हा उपदेश कोरडा ठरेल. टायरच्या भिंतीवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८१९ म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा, म्हणजे साधारण मे महिना. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा, त्याच्यावर वेळ घालवू नका. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला गेलेली असू शकते. अलाइनमेंटसाठी गाडी जॅकवर चढते तेव्हा चारही टायर आणि स्टेपनी यांचे आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवावेत. भिंतीवर केसासारख्या वरवरच्या रेषा असल्या तर लगेच धावपळ नको. बोटाने दाबल्यावर उघडणारी भेग, नक्षीच्या खाचेच्या तळाशी आडवी चीर, फुगा, किंवा हवा व बॅलन्सिंग नीट असूनही साठ-सत्तरला सुरू होणारी नवी थरथर, यातले काहीही दिसले तर वय मोजत बसू नये. ही थरथर पट्टा सुटू लागल्याची पूर्वसूचना असू शकते. पंचगंगेच्या पुरात, २०१९ ला आणि २०२१ ला, ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या त्यांच्या टायरांत खोल कट असतील तर विशेष बघावे, कारण त्या वाटेने पाणी पोलादी तारेपर्यंत जाते आणि तिला गंज धरतो. धुलाई केंद्रात लावलेली काळी चकाकी सगळ्यांत फसवी, ती भेगा झाकते. नायट्रोजन भरल्याने आतला ऱ्हास थोडा मंदावतो हे प्रयोगांत दिसले आहे, पण सात वर्षे साध्या हवेवर काढलेल्या टायरला तो पुन्हा तरुण करत नाही.

स्टेपनीचा मोह फार वाईट. नऊ वर्षे डिकीत पडलेली, नक्षीवरचे बारीक रबरी केसही शाबूत असलेली स्टेपनी पाहून ‘नवी कोरी आहे, हीच पुढे टाकू’ असे दुकानातही सुचवले जाते. ती पंक्चर झाल्यावर पुढच्या गावापर्यंत हळू नेण्यापुरतीच. नवा टायर घेतानाही दुकानात चार आकडे वाचूनच पैसे द्यावेत. वर्षाच्या आतला माल मागण्यात संकोच कसला? आणि चार एकदम परवडत नसतील, दोनच घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना लावावेत. बहुतेक जण पुढे लावतात, कारण स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून चालक तिला सावरू शकतो. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि तेव्हा सामान्य चालकाच्या हातात काही उरत नाही. टायर कंपन्या कित्येक वर्षांपासून हेच सांगत आहेत. बिलावर ‘मागे लावणे’ असे लिहूनच घ्यावे, नाहीतर जॅक आधी पुढच्या चाकाखाली जातो.